दोन भाषांचं संकेतस्थळ आणि वाचकाची पसंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन भाषांची साइट बांधणारे, चालवणारे आणि तिथे वाचायला येणारे, अशा तिघांकडून आलेले हे प्रश्न आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. उदाहरणं मराठी-इंग्रजी जोडीची असली तरी उत्तरं कुठल्याही जोडीला लागू पडतात.

१. भाषा ‘लक्षात ठेवायची’ म्हणजे नेमकं काय लक्षात ठेवायचं?

वाचकाने स्वतः सांगितलं तेवढंच. त्याने बटण दाबून मराठी मागितली, तर ती त्याची निवड. त्याच्या ब्राउझरवरून, तो ज्या देशातून आला त्यावरून किंवा ज्या पानावर उतरला त्यावरून आपण जे ठरवतो, तो आपला अंदाज. पहिलं पान दाखवण्यापुरता अंदाज वापरावा आणि तिथेच सोडून द्यावा. अंदाजही निवडीसारखाच कुकीत (साइट वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीत) लिहून ठेवला, की वाचक खरंच काय म्हणाला होता ते पुढे शोधून काढता येत नाही. ‘साइट माझं ऐकत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच सरमिसळ सापडते, म्हणून पुढच्या उत्तरांत ‘निवड’ आणि ‘अंदाज’ हे शब्द मी जाणूनबुजून वेगळे वापरले आहेत.

२. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला कोणती भाषा दाखवू?

तो ज्या पत्त्यावर आला, त्या पत्त्याची. पत्त्यातून भाषा कळत नसेल, म्हणजे तो थेट मुख्य पत्ता टाइप करून आला असेल, तर पूर्वी केलेली निवड पाहा. तीही नसेल तर ब्राउझर काय सांगतो ते पाहा, आणि तिथेही काही जुळलं नाही तर साइटची मूळ भाषा द्या. हा क्रम सहसा बदलू नये.

ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ नावाचा हेडर, म्हणजे माहितीची एक छोटी ओळ, पाठवतो. त्यात भाषांची यादी असते आणि प्रत्येक भाषेला ० ते १ मधलं वजन दिलेलं असतं. वजन लिहिलेलं नसेल तर ते १ धरायचं. इथे दोन चुका नेहमी दिसतात. पहिली म्हणजे वजन न वाचता यादीतलं पहिलं नाव उचलणं. दुसरी म्हणजे ‘एमआर-आयएन’ (भारतातली मराठी) आलं आणि आपल्याकडे नुसतं ‘एमआर’ (मराठी) आहे म्हणून जुळत नाही असं ठरवून इंग्रजी दाखवणं. शेवटचा तुकडा काढून पुन्हा जुळवून पाहायची पद्धत २००६ सालच्या आरएफसी ४६४७ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहून ठेवलेली आहे आणि तयार कोडच्या बहुतेक लायब्ऱ्या ती पाळतात. स्वतः लिहायला जाऊ नका.

मात्र या हेडरवर फार विसंबू नका. फोन किंवा संगणक इंग्रजीत चालवणारा माणूस इंग्रजीतच वाचू इच्छितो असं मुळीच नाही. फोन तसाच मिळाला आणि तसाच राहिला, एवढंच अनेकदा त्यामागे असतं. त्यामुळे हेडरमध्ये फक्त इंग्रजी असेल, तर ती इच्छा समजू नये. उलट यादीत दुसऱ्या-तिसऱ्या जागी का होईना मराठी असेल, तर ती कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन घातलेली असण्याची शक्यता मोठी. अशा वाचकाला इंग्रजी पान दाखवलंत तरी वर एक ठळक ओळ द्या : ‘हे पान मराठीतही आहे’.

३. आयपी पत्त्यावरून देश कळतो. मग त्यावरून भाषा का ठरवू नये?

देश म्हणजे भाषा नव्हे. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय भाषा चार आहेत, बेल्जियमच्या अधिकृत भाषा तीन, भारताच्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२. त्यात प्रवासी आले, परदेशी राहणारे आले, व्हीपीएन (दुसऱ्याच ठिकाणाहून आल्यासारखं दाखवणारी सेवा) वापरणारे आले. आयपीवरून चलन किंवा वेळेचा पट्टा सुचवता येईल. भाषा ठरवू नये.

४. निवड कुठे साठवावी? कुकी, लोकलस्टोरेज, सेशन की डेटाबेस?

लॉगिन नसलेल्या वाचकासाठी कुकी. ती विनंतीबरोबर सर्व्हरकडे जाते, म्हणून सर्व्हर पहिल्याच फटक्यात योग्य भाषेचं पान देऊ शकतो. लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधली साठवणीची जागा, फक्त तिथल्या स्क्रिप्टला दिसतं. पान आधी एका भाषेत येतं, मग स्क्रिप्ट चालते आणि डोळ्यांदेखत मजकूर बदलतो. धीम्या जोडणीवर तो क्षण चांगला लांबतो आणि वाचायला सुरुवात केलेल्या माणसाच्या नजरेखालून वाक्य निघून जातं. सर्व्हर नसलेल्या स्थिर साइटवर लोकलस्टोरेज चालेल, पण तिथेही भाषा पत्त्यात असेल तर ही उडी टळते (प्रश्न ६).

सेशनमध्ये, म्हणजे एका भेटीपुरत्या नोंदीत, ठेवलेली निवड सेशनबरोबर संपते. जँगो या फ्रेमवर्कमध्ये पूर्वी भाषा सेशनमध्ये ठेवायची सोय होती, ४.० आवृत्तीपासून ती काढून टाकली आणि कुकीच उरली. लॉगिन असेल तर डेटाबेस हवाच. त्याचं कारण प्रश्न १२ आणि १३ मध्ये आहे.

कुकीत फक्त भाषेचा कोड लिहा, दुसरं काही नाही. आणि वाचताना तो आपल्या दोन भाषांपैकीच एक आहे ना, हे तपासा. कुकी वाचकाच्या हातात असते, तिच्यात कुणी काहीही लिहू शकतं. आलेला कोड तसाच फाइलच्या नावात जोडून भाषांतराची फाइल उघडणारा कोड लिहिलात, तर सर्व्हरवरच्या भलत्याच फाइली वाचायला वाट करून दिलीत.

५. कुकी एका वर्षाची ठेवली आहे, तरी आयफोनवरचे वाचक म्हणतात की आठवड्याभरात साइट भाषा विसरते. असं का?

तुमची कुकी जावास्क्रिप्टने लिहिलेली असणार. २०१९ पासून सफारी अशा कुकीला जास्तीत जास्त सात दिवसांचं आयुष्य देतो, मग तुम्ही मुदत काहीही लिहा. २०२० मध्ये लोकलस्टोरेजलाही तसाच नियम लागला : सफारी वापरात असताना सात दिवस वाचकाने तुमच्या साइटवर काही केलं नाही, तर साठवलेलं पुसलं जातं. हे जाहिरातींच्या पाळतीविरुद्ध केलेले उपाय आहेत, त्यात भाषेची साधी कुकीही सापडते.

उपाय सोपा आहे. कुकी सर्व्हरच्या उत्तरातून, ‘सेट-कुकी’ हेडरने लिहा. आपल्याच सर्व्हरवरून आलेल्या अशा कुकीला सात दिवसांची मर्यादा लागत नाही. क्रोमने २०२२ मध्ये सगळ्याच कुकींवर ४०० दिवसांची कमाल मर्यादा आणली, पण वाचक परत आल्यावर मुदत पुन्हा वाढवता येते. कुकीचा पाथ (ती साइटच्या कोणत्या भागात लागू ते) मुळाचा, म्हणजे सगळ्या साइटचा, ठेवायला विसरू नका. तो राहिला तर कुकी एका विभागात दिसते, दुसऱ्यात दिसत नाही, आणि भाषा ‘मधूनमधून’ विसरते.

६. कुकी आहे तर पत्त्यात भाषा कशाला? एकाच पत्त्यावर दोन्ही भाषा दाखवल्या तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. लिंक पाठवणाऱ्याला एक पान दिसतं, उघडणाऱ्याला दुसरं. बुकमार्कचा भरवसा राहत नाही. एका टॅबमध्ये मराठी आणि शेजारी इंग्रजी असं ताडून वाचता येत नाही. शोधयंत्राला एकच भाषा सापडते (प्रश्न ९), आणि कॅशेमध्ये, म्हणजे पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रतींत, गोंधळ होतो (प्रश्न १०).

प्रत्येक भाषेला स्वतःचा पत्ता द्या. डोमेननंतर येणारा पत्त्याचा पहिला तुकडा असो, डोमेनच्या आधी जोडलेलं सबडोमेन असो की वेगळं डोमेन, तिन्ही चालतात. मी पहिलाच सुचवते. कुकी आणि लॉगिन त्यात आपोआप सामायिक राहतात. सबडोमेन घेतलंत तर कुकीला डोमेन स्पष्ट लिहून द्यावं लागतं, आणि लोकलस्टोरेज तर दोन सबडोमेनमध्ये वाटून घेताच येत नाही. पूर्ण वेगळी डोमेन असतील तर कुकी एकीकडून दुसरीकडे जात नाही, आणि जबरदस्तीने नेण्याच्या युक्त्या आता ब्राउझर अडवतात. तिथे लॉगिनचा आधार घ्या किंवा दोन्ही डोमेन स्वतंत्र आहेत हे मान्य करा.

पत्त्यात भाषा आली की कुकीचं काम फार लहान होतं : वाचक नुसत्या मुख्य पत्त्यावर आला, तर त्याला कुठे न्यायचं एवढंच ती सांगते.

७. मी कायम इंग्रजीत वाचते. कुणी मराठी पानाची लिंक पाठवली की साइट मला इंग्रजी पानावर ढकलते. हे बरोबर आहे का?

नाही. पाठवणाऱ्याने ते पान दाखवायचं म्हणूनच पाठवलं. कदाचित त्यातल्या एखाद्या शब्दाबद्दलच बोलायचं असेल. पत्ता हा कुकीच्या वर. वाचकाची पसंती वेगळी असेल तर पानाच्या वर एक पट्टी दाखवा, पसंतीच्या भाषेत लिहिलेली आणि त्याच मजकुराच्या दुसऱ्या भाषेतल्या पानाकडे नेणारी. एकदा बंद केली की ती पुन्हा पुन्हा समोर आणू नका.

आणि हे पान उघडलं म्हणून तुमची साठवलेली निवड मराठी व्हायला नको. बरीच तयार सॉफ्टवेअरं शेवटचं पाहिलेलं पान ज्या भाषेतलं, तीच भाषा कुकीत लिहितात. वर्डप्रेसवरच्या पॉलीलँगची कुकीसुद्धा पाहिलेल्या पानाचीच भाषा नोंदवते. सोय म्हणून ते ठीक वाटतं, पण मग एका लिंकवर टिचकी मारल्याने माणसाची सवयीची भाषा बदलते. शक्य असेल तिथे हे बंद करा.

८. मुख्य पानावरून भाषेच्या पानाकडे नेताना ३०१ वापरू की ३०२?

३०२. हे सर्व्हरच्या उत्तराचे क्रमांक आहेत : ३०२ म्हणजे ‘तात्पुरतं हलवलं’, ३०१ म्हणजे ‘कायमचं हलवलं’, आणि ब्राउझर ते शब्दशः घेतो. तो उत्तर आपल्याकडे ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला विचारतच नाही. वाचकाने नंतर भाषा बदलली तरी मुख्य पत्ता टाकला की जुन्याच भाषेत जाऊन पडतो. ही चूक मी स्वतः केली आहे. सर्व्हर दुरुस्त केल्यावरही ज्यांच्या ब्राउझरमध्ये ३०१ जाऊन बसला होता, त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचवायला मार्गच उरला नव्हता. प्रत्येकाला कॅशे पुसायला सांगावं लागलं. ३०२ बरोबर ‘कॅश-कंट्रोल’मध्ये नो-स्टोअर लिहा, म्हणजे मधला सीडीएनही (पानांच्या प्रती ठेवून पुरवणारं सर्व्हरांचं जाळं) ते उत्तर साठवणार नाही.

९. आपोआप भाषा बदलल्याने शोधात एकच भाषा दिसते, असं ऐकलं. खरं आहे?

खरं आहे. गुगलचा बॉट (शोधासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) सहसा ॲक्सेप्ट-लँग्वेज पाठवत नाही आणि एका पानाची कुकी पुढच्या पानावर नेत नाही. म्हणजे प्रत्येक पानावर तो तुमच्याकडे पहिल्यांदाच येणारा, कुठलीही पसंती नसलेला वाचक असतो. प्रत्येक पानावर भाषा ओळखून ढकलत असाल, तर त्याला कायम मूळ भाषाच मिळते आणि दुसरी भाषा शोधात येतच नाही.

प्रत्येक पानात दोन्ही भाषांच्या पत्त्यांच्या ‘एचरेफलँग’ नोंदी (कोणत्या भाषेची प्रत कुठे आहे ते शोधयंत्राला सांगणाऱ्या) द्या. त्या दुहेरी लागतात : मराठी पान इंग्रजीकडे बोट दाखवतं, पण इंग्रजी पान परत दाखवत नसेल, तर नोंद धरली जात नाही. भाषा ओळखून वाट दाखवणाऱ्या मुख्य पत्त्याला ‘एक्स-डीफॉल्ट’ (कुठलीच भाषा न जुळल्यास) ही नोंद द्या. ही सोय २०१३ पासून आहे. नोंदीत आधी भाषेचा कोड हवा, नुसता देशाचा चालत नाही. भारतासाठी म्हणून कुणी नुसतं ‘आयएन’ लिहितात. भाषेच्या जागी तो इंडोनेशियन भाषेचा जुना कोड आहे.

१०. कधीकधी मराठी निवडलेल्याला इंग्रजी पान येतं, रिफ्रेश केलं की नीट होतं. काय होत असेल?

मधला कॅशे. एकाच पत्त्यावर दोन भाषा असतील, तर सीडीएन आधी आलेल्याच्या भाषेचं पान साठवतो आणि तेच पुढच्याला देतो. यावर पुस्तकी उपाय म्हणजे ‘व्हेरी’ हेडरमध्ये (प्रत कशावरून बदलते ते कॅशेला सांगणाऱ्या) ॲक्सेप्ट-लँग्वेज किंवा कुकी लिहिणं. उत्तर त्याने बरोबर येतं, पण कॅशे जवळजवळ निकामी होतो, कारण ॲक्सेप्ट-लँग्वेजच्या यादीचे असंख्य प्रकार असतात आणि कुकी हेडरमध्ये तर वाचकांच्या मोजमापासाठीच्या कुकीही येतात, म्हणजे प्रत्येक वाचकाची प्रत वेगळी. प्रश्न ६ प्रमाणे पत्ते वेगळे केलेत की ही अडचण उरत नाही.

११. भाषेची कुकी ठेवायला आधी संमती घ्यावी लागते का?

युरोपियन संघापुरतं बोलायचं तर तिथल्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांच्या ‘कलम २९’ कार्यगटाने जून २०१२ च्या मतपत्रात याचा विचार केला आहे. वाचकाने स्वतः बटण दाबून भाषा निवडली असेल, तर ती लक्षात ठेवणं ही त्यानेच मागितलेली सेवा आहे, त्यासाठी वेगळी संमती लागत नाही. कार्यगटाची ही सूट सेशनपुरत्या किंवा थोड्या मुदतीच्या कुकीला होती. अधिक काळ ठेवायची तर भाषेच्या बटणाशेजारी ‘यासाठी कुकी वापरतो’ एवढी सूचना पुरे, असंही त्यात म्हटलं आहे. बारकाईने वाचलं तर हीसुद्धा निवड आणि अंदाज यांतली रेषा आहे. वाचकाने न मागता तुम्हीच लिहिलेल्या कुकीला हा आधार मिळत नाही. आणि त्याच कुकीत ओळख क्रमांक घुसवलात, तर ती भाषेची कुकी राहत नाही.

१२. खात्यात मराठी आहे, पण नव्या फोनवर लॉगिनच्या आधी इंग्रजी निवडली. लॉगिन झाल्यावर कुणाचं ऐकायचं?

नंतर केलेल्या निवडीचं. निवडीबरोबर ती केल्याची वेळही साठवा. त्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. फोनवर बटण दाबून इंग्रजी निवडली असेल तर ती ताजी. फोनवर इंग्रजी नुसती हेडरमुळे दिसत असेल, तर तो अंदाज आहे आणि खात्यातली मराठी जिंकते. अंदाज कुकीत लिहू नका असं प्रश्न १ मध्ये म्हटलं त्याचं हे सगळ्यात व्यावहारिक कारण. खात्यातही तीन स्थिती ठेवा : मराठी, इंग्रजी आणि ‘अजून सांगितलेलं नाही’. नोंदणीच्या वेळी रकाना आपोआप इंग्रजीने भरलात, तर न बोललेल्या माणसांच्या तोंडी तुम्ही उत्तर घातलंत.

१३. साइट मराठीत दिसते, पण ईमेल आणि एसएमएस इंग्रजीतच येतात. का?

ईमेल पाठवणारं काम मागे, वाचक समोर नसताना चालतं. तिथे ब्राउझर नाही, हेडर नाही, कुकी नाही, त्यामुळे प्रणाली मूळ भाषा घेते. भाषा खात्यात असली पाहिजे आणि प्रत्येक संदेश तयार करताना ती ज्याला संदेश जायचा त्याच्या खात्यातून घेतली पाहिजे. ज्याच्या टिचकीमुळे संदेश निघाला, त्याची भाषा लागते ही नेहमीची चूक. लॉगिनशिवाय भरलेल्या अर्जाला पोच पाठवायची असेल, तर अर्ज कोणत्या भाषेच्या पानावर भरला ते अर्जाबरोबरच नोंदवा.

१४. भाषेचं बटण कसं असावं?

दोन्ही भाषांची नावं आपापल्या लिपीत, प्रत्येक पानावर एकाच जागी, शक्यतो वरच्या कोपऱ्यात. इंग्रजी न येणाऱ्याला ‘मराठी’ हा शब्द देवनागरीतच दिसला पाहिजे. झेंडे नकोत, त्याचं कारण प्रश्न ३ मधलंच. बटण त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेतल्या प्रतीकडे नेणारं हवं. मुख्य पानावर नेऊन सोडणारं बटण वाचक एकदा वापरतो आणि पुन्हा त्याच्या वाट्याला जात नाही.

१५. एखादं पान मराठीत नाहीच. मग मराठी निवडलेल्याला काय दाखवू?

इंग्रजी पान दाखवा, वर मराठीत सांगा की हा मजकूर अजून मराठीत आलेला नाही, आणि मेनू, बटणं, तळटीप मराठीतच ठेवा. ‘पान सापडलं नाही’ असं म्हणू नका. निवडही इंग्रजी करून टाकू नका. पुढचं पान मराठीत असेल तर ते मराठीतच उघडलं पाहिजे. मराठी पत्त्यावर इंग्रजी मजकूर देण्यापेक्षा लिंकच इंग्रजी पत्त्याची देणं चांगलं, आणि तिच्याजवळ तसं लिहिलेलं असावं.

१६. काहीही न करता भाषा आपोआप बदलते. शोधूनही कारण सापडत नाही.

तीन ठिकाणी पाहा. भाषा बदलणारं बटण म्हणजे साधी लिंक असेल आणि ती उघडताच सर्व्हर कुकी लिहीत असेल, तर ती लिंक माणसाने दाबायची गरजच नाही. वेग वाढावा म्हणून काही फ्रेमवर्क आणि ब्राउझर दिसणाऱ्या लिंक आधीच आणून ठेवतात, आणि उत्तराबरोबर कुकीही लिहिली जाते. निवड नोंदवायला पोस्ट विनंती (सर्व्हरकडे माहिती पाठवणारी) वापरा. जँगोचा भाषा बदलणारा व्ह्यू (विनंतीला उत्तर देणारा कोड) फक्त पोस्टवरच बदल करतो.

दुसरं, ब्राउझरचं यांत्रिक भाषांतर. ते चालू असताना पानावरचा ‘लँग’ गुणधर्म (पानाची भाषा सांगणारा) बदलू शकतो. तुमची स्क्रिप्ट तो वाचून पसंती ठरवत असेल, तर चुकीची भाषा साठते.

तिसरं, मागे जायचं बटण. ब्राउझर आधीचं पान जसंच्या तसं स्मृतीतून काढतो. एकाच पत्त्यावर दोन भाषा असतील तर वाचकाला जुनी भाषा परत आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात कुकी बरोबरच असते.

१७. ‘लँग’ गुणधर्म न दिल्याने खरंच काही अडतं का?

अडतं. स्क्रीन रीडर (पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कोणत्या आवाजात वाचायचं ते त्यावरून ठरवतो. डब्ल्यूसीएजी या, वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणूनच्या, नियमावलीत पानाची भाषा सांगणं हा ३.१.१ क्रमांकाचा, सर्वांत प्राथमिक ‘ए’ स्तराचा निकष आहे. पानातल्या परभाषेच्या तुकड्यांसाठी ३.१.२ आहे. म्हणून इंग्रजी पानावरच्या ‘मराठी’ या बटणालाही स्वतःचा लँग हवा. शिवाय काही देवनागरी फॉन्टांत ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात, आणि भाषा ‘एमआर’ लिहिली असेल तरच ती उमटतात. हिंदीचा कोड टाकून चालवून घेतलेल्या साइटवर मराठी वाचकाला अक्षर परकं वाटतं ते यामुळेही.

१८. अर्ज अर्धा भरला, भाषा बदलली आणि सगळं पुसलं गेलं. हे टाळता येतं का?

येतं. भाषा बदलताना भरलेली माहिती बरोबर न्या, किंवा मसुदा सर्व्हरवर जपा. दोन्ही जमत नसेल तर निदान बदलण्याआधी विचारा. अर्जाच्या मध्यावर भाषा बदलणारा माणूस बहुधा एखादा प्रश्न न समजल्यामुळेच बदलतो. त्यालाच सगळं पुन्हा भरायला लावू नका.

१९. सगळ्यांच्या वापरातल्या संगणकावर काय करावं?

तिथे कुकी सेशनपुरती ठेवा, म्हणजे ब्राउझर बंद झाल्यावर जाईल. लॉगआउट करताना खात्यातून आलेली भाषा काढून टाका. पुढच्या माणसाला आधीच्याची भाषा मिळायला नको. घरातल्या एका फोनवर दोघं वाचत असतील तर साइटला ते कळणं शक्य नाही आणि कळायचा प्रयत्नही करू नये. एका टिचकीत बदलणारं बटण तिथे पुरेसं आहे.

२०. मी लेख मराठीत वाचतो, पण तांत्रिक माहिती आणि अर्ज इंग्रजीत. साइट हे शिकू शकत नाही का?

शिकवायचा मोह होतो, पण करू नये. विभागानुसार भाषा आपोआप बदलायला लागली की पुढची लिंक कोणत्या भाषेत उघडेल ते तुम्हाला सांगता येणार नाही, आणि बिघाड कुठला, शिकवण कुठली हे आम्हालाही. फार तर खात्यात दोन वेगळे पर्याय द्यावेत, एक मेनू-बटणांच्या भाषेचा आणि एक मजकुराच्या भाषेचा, दोन्ही तुम्ही स्वतः भरायचे. अंकांचंही तसंच : मराठी पानावर देवनागरी अंक हवेत की नकोत, हे भाषेवरून गृहीत न धरता वेगळं विचारता येतं. बाकी, एका टॅबमध्ये मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी उघडी ठेवलीत तर पत्ते वेगळे असलेल्या साइटवर दोन्ही आपापल्या भाषेत चालतात, तुम्ही पुढे कितीही लिंक उघडल्यात तरी.